खिडकीतलं झाडही हिशोबात धरा

"उद्यानं असली की पुरे, सोसायटीतली झाडं म्हणजे नुसता पाचोळा" असं शहरातल्या झाडांवरच्या चर्चेत एकांनी म्हटलंय. पाचोळ्याचं अगदी मान्य, आमच्या दारातला बदाम पानगळीत रोज टोपलीभर पानं टाकतो आणि ती झाडायची पाळी माझीच. पण उद्यानापर्यंत जायला पाय धड लागतात. अंथरुणावरच्या माणसाला झाड दिसणार ते खिडकीतूनच.

रॉजर उलरिख या संशोधकांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या नोंदी तपासून १९८४ साली 'सायन्स' या विज्ञानविषयक नियतकालिकात लेख लिहिला होता. २३ जणांच्या खिडकीतून झाडं दिसायची, २३ जणांना समोर विटांची भिंत. झाडंवाले सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले, त्यांना जालीम वेदनाशामकंही कमी लागली. आता ४६ माणसांवरून फार उड्या मारू नयेत, हेही खरंच. पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईची कॉट त्या बदामाकडे तोंड करून ठेवली, तर तिसऱ्या दिवसापासून फोनवर दुखण्याऐवजी तांबट पक्षी आज कुठल्या फांदीवर बसला याच्या बातम्या यायला लागल्या.