नोकरी, सीएमए आणि घर: झेपतील अशी उद्दिष्टं कशी ठरवता?

रावपुरा_लेजर
नमस्कार मंडळी. बडोद्यात मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात अकाउंट्स सांभाळते, राहायला दांडिया बाजारात. दिवाळीच्या पाडव्याला वर्षभराची यादी केली: सीएमए इंटर, म्हणजे कॉस्ट अकाउंटन्सीच्या मधल्या परीक्षेचे दोन्ही ग्रुप जूनला, रोज सकाळी कमाटी बागेत चालणं, ऑफिसचे मासिक रिपोर्ट पॉवर बीआय या सॉफ्टवेअरवर आणणं, नववीतल्या मुलीचं गणित, सासूबाईंच्या गुडघ्याचे व्यायाम. शिवाय शेठना जुनी उघराणी, म्हणजे गिऱ्हाइकांकडची थकलेली येणी, मार्चच्या आत निकालात हवी आहे. यातलं एकही सोडवत नाही. घरी पोचायलाच साडेसात होतात. नोकरी करून शिकणाऱ्यांनी सांगा, यातलं आधी काय धरायचं हे तुम्ही कसं ठरवता? ॲप नको, पद्धत हवी.

हिशेबनीस
ताई, मीही याच कामातला. आपला महिना तीस दिवसांचा नसतोच. ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला थ्रीबी ही जीएसटीची रिटर्नं; जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्चच्या १५ ला ॲडव्हान्स टॅक्स. कालनिर्णय घ्या आणि या तारखा आधीच्या दोन-दोन दिवसांसकट लाल करून टाका. अभ्यास उरलेल्या चौकोनांतच बसवायचा. लाल दिवशी पुस्तक उघडलं नाही तर तो खाडा धरू नका, तो दिवस हिशेबात नव्हताच.

आता जूनचं बघा. त्याआधी मार्च एंडिंग, ३० एप्रिलला मार्चचा टीडीएस, ३१ मेला चौथ्या तिमाहीचं टीडीएस रिटर्न. अशा काळात आठ पेपर? एका ग्रुपचे चारच धरा. डिसेंबरला दुसरा ग्रुप, पण तोही मोकळा आहे असं समजू नका. सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिट आणि पाठोपाठ नवरात्र. म्हणून त्याची तयारी जुलैतच सुरू झालेली बरी.

फतेहगंज_वाचक
हिशेबनीसांना दुजोरा. आपण वेळेचा अंदाज नेहमी कमी धरतो. १९९४ साली छापून आलेल्या एका कॅनडातल्या अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी ३४ दिवसांचा अंदाज दिला होता, प्रत्यक्षात लागले ५५. तेव्हा एका प्रकरणाला आठवडा लागेल असं वाटलं की दीड आठवडा लिहा.

चालण्याबद्दल: २१ दिवसांत सवय लागते हे विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता. सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा त्यांचा हिशेब निघाला. मधला आकडा ६६. मला त्यातली सर्वांत कामाची गोष्ट ही वाटते की अधेमधे एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. आणि ‘रोज चालेन’ असं मोघम लिहू नका. ‘सकाळचा चहा झाला की चपला घालून खाली’, असं आधीच्या ठरलेल्या कामाला जोडून लिहा. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांचं बरंच संशोधन नेमकं यावरच आहे.

निवृत्त_मास्तरीण
बाळा, आपल्या बडोद्याचंच उदाहरण घे. सयाजीराव महाराजांना साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायचं होतं. पण १८९३ मध्ये सुरुवात केली ती फक्त अमरेली भागात, प्रयोग म्हणून. साऱ्या राज्याला ते लागू झालं १९०६ साली. हाताशी अख्खं राज्य असलेला माणूस तेरा वर्षं थांबला, मग तुझं पॉवर बीआय दोन महिने का थांबू नये?

घरच्या दोन कामांचं मात्र वेगळं आहे. मुलीला शेजारी बसवून विचार, तिला गणितात नेमकं काय अडतं. बहुतेकदा अख्खं गणित नसतं, भूमिती किंवा बीजगणितातले एक-दोन धडेच असतात. आजीचे व्यायाम नातीला करून घेऊ दे. फिजिओथेरपिस्टने दिलेला कागद फ्रिजवर लाव म्हणजे तिला विचारत बसावं लागणार नाही. सगळं तुझ्याच नावावर असायला हवं असं नाही गं.

मकरपुरा_प्लॅनिंग
उघराणीवर कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. ‘मार्चच्या आत निकालात’ हे तुमचं उद्दिष्ट होऊच शकत नाही, कारण चेक फाडणारा समोरचा आहे. तुमच्या हातात काय आहे तेवढंच लिहा. एजिंग काढा, म्हणजे कुठलं बिल किती दिवस थकलंय त्याची यादी, नव्वद दिवसांवरच्या पार्ट्या वेगळ्या करा, त्यात मोठ्या रकमा वर घ्या. दर मंगळवारी पाच पार्ट्यांना बॅलन्स कन्फर्मेशन (‘आमच्या वहीत तुमची एवढी बाकी दिसते, बरोबर ना?’ असं पत्र) पाठवायचं, गुरुवारी त्याच पाचांना फोन. ‘माल खराब होता’, ‘रेट वेगळा ठरला होता’ असं ज्यांचं निघेल ते सेल्सकडे लेखी द्यायचे. ते काम अकाउंट्सचं नाही.

आमच्या शॉप फ्लोअरवर एका मशीनपुढे ठराविकच जॉब लावतात, एक उतरल्याशिवाय दुसरा चढत नाही. तुम्हीही एका वेळी ऑफिसचं एक आणि स्वतःचं एक, एवढंच चालू ठेवा. बाकीचं यादीत राहू द्या, पण ‘एप्रिलनंतर’ अशा मथळ्याखाली. चालण्याबाबत माझं मत वेगळं आहे. मार्चपर्यंत कमाटी बागेचा हट्ट सोडा, जेवल्यावर सुरसागरला एक फेरी मारा. घराजवळ आहे, जाण्यायेण्यात वेळ जात नाही.

रावपुरा_लेजर
सगळ्यांचे मनापासून आभार. जूनला एकच ग्रुप, हे ठरलं. मुलगी आजीचे व्यायाम घ्यायला लगेच तयार झाली, आणि गणितात तिला फक्त भूमितीच्या सिद्धता जड जातात असं कळलं. मकरपुरा_प्लॅनिंग दादा, एक विचारते. शेठना दर सोमवारी काहीतरी नवीन सुचतं. त्यांना नाही कसं म्हणायचं?

मकरपुरा_प्लॅनिंग
नाही म्हणूच नका. एका पानावर चालू कामं लिहून न्या, प्रत्येकापुढे लागणारे तास. मग विचारा, “शेठ, हे या आठवड्यात घेते, यातलं कुठलं पुढच्या आठवड्यावर टाकू?” निवड त्यांनी करायची. ते जे सांगतील ते त्याच पानावर त्यांच्यासमोर लिहा आणि संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवा. तासांचा आकडा मात्र खरा हवा. त्यासाठी आधी दोन आठवडे कुठल्या कामाला किती वेळ जातो ते डायरीत टिपून ठेवा.

हिशेबनीस
आणि सोमवारी २० तारीख आली असेल तर हे बोलणं मंगळवारी करा.