मार्च ते मेचा अंदाज आला: बाग, होडी आणि मुलाचं विमान, कुणी किती धरायचा?

कातळावरची बाग (देवगड तालुका)

नमस्कार. माझी सव्वाशे हापूस कलमं कातळावर आहेत, धाकट्या दिराची गिलनेटची होडी आहे आणि थोरला मुलगा बारामतीला विमान चालवायला शिकतोय. परवा जेवताना हवामान खात्याच्या अंदाजातलं एकच वाक्य तिघांनी वाचलं, 'कमाल तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता', आणि तिघांनी तीन अर्थ काढले. मी म्हटलं, फळगळ होणार. दीर म्हणाला, एवढं तापलं तर वादळ लवकर येणार. मुलगा फोनवर होता, तो म्हणाला, माझी दुपारची उड्डाणं गेली.

आता नड अशी आहे. पहिल्या मोहोराचं फळ गोटीएवढं झालंय, दुसऱ्याचं अजून वाटाण्याएवढं. विहिरीत पाणी मोजकं. आत्ता घालू की एप्रिलसाठी राखू?

२०२१ साली १६ मे रोजी तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं तेव्हा आमचं मागास, म्हणजे उशिरा धरलेलं फळ सगळं झाडावर होतं. दुसऱ्या दिवशी बागेत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि फुटलेल्या कैऱ्यांच्या चिकाचा वास चार दिवस घरात येत होता. तेव्हापासून मे महिना म्हटला की पोटात गोळा येतो. म्हणून विचारते, या तीन महिन्यांच्या अंदाजावर किती विसंबायचं?

वेधशाळेतला जुना माणूस (रत्नागिरी)

ताई, बत्तीस वर्षं सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला पांढऱ्या झडपांची पेटी उघडून तापमापक वाचले आहेत, त्या अनुभवावरून लिहितो.

तीन महिन्यांचा अंदाज म्हणजे हंगामाचा कल. सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतकं आणि सरासरीपेक्षा जास्त अशा तीन शक्यता असतात. काहीच संकेत नसेल तर प्रत्येकीला ३३ टक्के. नकाशावर तुमच्या भागात तिसरी शक्यता जड झाली, एवढंच त्या वाक्यात आहे. कुठल्या तारखेला किती तापेल हे त्यात नाही, आणि देवगडच्या कातळावर काय होईल हे तर नाहीच.

आपल्या किनाऱ्याचं ऊन वाऱ्यावर ठरतं. मार्चमध्ये सकाळी मतलई वारा जमिनीकडून, म्हणजे पूर्वेकडून वाहतो. अकराच्या सुमारास समुद्राकडून खारा वारा सुटला की पारा तिथेच थांबतो. ज्या दिवशी पूर्वेचा वारा जोरात असतो त्या दिवशी खारा वारा दोन-दोन तास अडकून पडतो आणि तेवढ्यात पारा ३७-३८ वर जातो. मुंबईत सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश नोंदले गेले होते, समुद्र इतका जवळ असून! बारा वाजले तरी वातकुक्कुटाचं, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या बाणाचं, तोंड पूर्वेलाच दिसलं की त्या दिवशी आम्हाला पुढचा आकडा आधीच कळायचा. किनाऱ्यावर उष्णतेची लाट धरायला ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश वाढ लागते. पण कातळ स्वतः तापतो, तुमच्या फळाला त्याआधीच चटका बसतो.

म्हणून पाणी राखू नका. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस कलमामागे दीडशे ते दोनशे लिटर, पंधरा दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा अशी आहे. सगळ्यांना पुरत नसेल तर गोटीएवढं फळ असलेल्या कलमांना आधी द्या. मुळाशी गवताचं जाड आच्छादन करा, पाणी टिकतं आणि जमिनीची धग वर न आल्याने साका, म्हणजे फळाच्या आतला गर पांढरट-पोचट होणं, तेही कमी होतं. फवारणीचे दिवस मात्र मंगळवारी आणि शुक्रवारी येणाऱ्या कृषी हवामान सल्ल्यावरून ठरवा.

दिरांना सांगा, जमीन तापली म्हणून वादळ येत नाही. त्याला समुद्राचं पाणी तापलेलं लागतं आणि वरच्या थरातले वारेही अनुकूल लागतात. खातं दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांत कमी दाबाचं क्षेत्र तयार होण्याची शक्यता सांगतं. एप्रिलच्या मध्यापासून तो गुरुवार चुकवू नका.

सर्जेकोटचा तांडेल

वहिनी, काकांनी वादळाचं बरोबर सांगितलं. पण या दिवसांत आम्हाला जास्त त्रास वादळाविना येणाऱ्या लाटांचा होतो. एप्रिलमध्ये एकदा वारा पूर्ण पडलेला, आभाळ स्वच्छ, आणि भरतीच्या रेषेच्या वर ओढून ठेवलेली होडी पाण्यानं उचलली. जाळी वाळूत गाडली गेली, दोन दिवस उकरत होतो. त्या लाटा इथल्या वाऱ्याच्या नव्हेत, थेट दक्षिणेच्या महासागरात उठून इथवर येतात. लाट-लाट लांब अंतराने येते, मोजून पंधरा-सोळा सेकंदांनी, आणि प्रत्येक लाट पाणी खूप आत ढकलते. हैदराबादच्या इन्कॉइसचा, म्हणजे समुद्राचा अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेचा, उंच लाटांचा इशारा आला की दिराला होडी नेहमीपेक्षा दहा पावलं वर घ्यायला सांगा.

आणि मार्चपासून दुपारी वायव्येचा वारा चढतो. पहाटे मतलईवर बाहेर पडायचं आणि तो चढायच्या आत बंदर धरायचं. 'ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५' असं वाचलं तर जायचंच नाही. एक जूनपासून बंदीच आहे, शेवटच्या आठवड्यातल्या मासळीच्या मोहात जीव घालू नये. हे मनापासून सांगतो.

उड्डाण प्रशिक्षक

काकू, तुमच्या मुलाचं म्हणणं खरं आहे. गरम हवा विरळ असते, पंखाला उचल कमी आणि इंजिनाला जोर कमी. बारामतीची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण दोन हजार फुटांवर. ४० अंशांच्या दुपारी तिथली हवा साडेपाच हजार फुटांवरच्या हवेसारखी वागते, म्हणजे महाबळेश्वरहूनही उंच जागेवरून उडायचं. लहान विमानाला तेवढी जास्त धाव लागते. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना सकाळीच उडवतो.

दुसरी भीती एप्रिल-मेतल्या वळवाची. ढग अजून पंधरा किलोमीटर लांब असतो आणि धुळीचा लोट घेऊन त्याचा वारा आधी येतो, दिशा क्षणात फिरते. तिथे तीन महिन्यांचा अंदाज कामाचा नाही, तीन तासांचा तात्काळ इशारा आणि रडार बघायचं. मुलगा दुपारी उडत नाही म्हणून काळजी करू नका. दुपारी उडतो म्हणाला असता तर मी काळजी केली असती.

कातळावरची बाग

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तरं मोठ्याने वाचून दाखवली, दिराने तांडेलभाऊंचं दोनदा ऐकलं आणि काही न बोलता ओंडके घेऊन किनाऱ्यावर गेला.

हिशेब केला. सव्वाशे कलमांना दीडशे लिटर म्हणजे एका फेरीला जवळपास १९ हजार लिटर, विहीर देणार नाही. पहिल्या मोहोराची चाळीस कलमं निवडली, सहा हजार लिटरमध्ये भागतात. बाकीच्यांना फक्त गवत. काल तीन गड्यांबरोबर अठ्ठावीस कलमांचं आच्छादन झालं.

काका, बागेच्या वरच्या कडेला बांबूवर जुन्या लुगड्याची पट्टी बांधली आहे. आज सव्वाअकरापर्यंत ती समुद्राकडे उडत होती. मग पाचेक मिनिटं नुसती लोंबत राहिली, आणि साडेअकराला उलटी फिरून घराकडे फडफडायला लागली. वहीत वेळ लिहून ठेवली आहे.