गाडीचं सर्व्हिसिंग आणि गोव्याची हवा : तुमचे अनुभव सांगा

मंडळी, गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत सर्व्हिसिंगचं वेळापत्रक असतं. बऱ्याच पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यांतलं आधी होईल ते. पण ही ओळ काही गोव्यासाठी वेगळी लिहिलेली नसते. आपल्याकडे चार महिने कोसळणारा पाऊस, किनाऱ्याला खारा वारा, खाणपट्ट्यात लाल धूळ, आणि बेळगावकडे जायचं तर घाट. पुस्तिका पाळायचीच, पण आपल्या गावाची हवा बघून चार गोष्टी स्वतः तपासायच्या, असं माझं ठाम मत आहे. तुम्ही काय तपासता, गॅरेजमध्ये काय विचारता, ते लिहा. गॅरेजचं नाव नको, अनुभव हवा.

सुरुवात मी करते. सकाळी गाडी सुरू करण्याआधी, सपाट जागेवर, बॉनेट उघडायचं. डिपस्टिक काढून फडक्याने पुसायची, पूर्ण आत घालून पुन्हा काढायची. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. काळं दिसलं म्हणून घाबरू नका, वापरातलं तेल काळवंडतंच. दुधाळ तपकिरी दिसलं तर मात्र गाडी सुरू न करता मेकॅनिकला बोलवा, तेलात पाणी किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) गेल्याची ती खूण असू शकते. कूलंटची पातळी टाकीच्या बाहेरूनच कळते. इंजिन गरम असताना त्या झाकणाला हात लावायचा नाही, उकळतं पाणी अंगावर येतं.
(फोंडा)

आमचं घर हरमलला, समुद्र हाकेच्या अंतरावर. इथे गाडी वरून चकचकीत राहते आणि खालून सडते. पाऊस संपला की रॅम्पवर चढवून खालचा भाग गोड्या पाण्याने धुऊन घेतो आणि स्वतः टॉर्च घेऊन खाली जातो. सायलेन्सरचे जोड, क्लॅम्प, ब्रेकचे पाइप, दारांच्या खालची कड, गंज तिथेच आधी धरतो. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती काडीने मोकळी करतो. अंडरबॉडी कोटिंगबद्दल सांगायचं तर ते गाडी नवी असताना, पूर्ण कोरडी करून मारलं तरच कामाचं. गंजावर मारलं की ओल आत कोंडते आणि पत्रा आतल्या आत खाल्ला जातो.
(पेडणे तालुका)

दिवाडीहून फेरीने ये-जा असते. भरतीच्या वेळी रॅम्पवरचं खारट पाणी चाकांना लागतं, म्हणून पलीकडे उतरलो की थोडं अंतर हलके ब्रेक मारत जातो, सुकतात. आणखी एक. पावसात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवत नाही. सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवतो आणि चाकांना दगड लावतो. ओढलेला राहिला तर मागच्या ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात.
(दिवाडी)

माझं माहेर बेळगाव, चोर्ला घाट नेहमीचा. ब्रेक ऑइलकडे लोक बघतच नाहीत. हे तेल हवेतली ओल शोषून घेतं आणि जितकी ओल मुरेल तितक्या कमी तापमानाला उकळतं. उतारावर ब्रेक दाबून दाबून तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, पेडल मऊ पडून खाली जातं. घाटात हे झालं तर काय, ते सांगायला नको. म्हणून गाडी कमी चालली असली तरी साधारण २ वर्षांनी ते बदलून घेते. गॅरेजमध्ये ‘ब्रेक ऑइल केलंय’ म्हणाले तर विचारा, बदललं की वरून भरलं? पातळी खाली गेली असेल तर नुसतं भरून भागत नाही, पॅड झिजलेत किंवा गळती आहे, ते बघावं लागतं. आणि घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये राहा.
(साखळी)

ताईंनी अगदी बरोबर लिहिलंय. माझं डिचोलीत गॅरेज आहे. गिऱ्हाइकांनी एक फरक समजून घ्यावा : सर्व्हिसिंगमध्ये तेल आणि ऑइल फिल्टर बदलतात, बाकी बरंचसं काम तपासणीचं असतं. तपासलं आणि बदललं या दोन वेगळ्या गोष्टी. बदलला म्हणाले तर जुना पार्ट दाखवायला सांगा, चांगला मेकॅनिक न मागता दाखवतो. इथल्या धुळीत एअर फिल्टर वेळापत्रकाच्या खूप आधी भरतो. काढून उजेडासमोर धरा. पलीकडचा उजेड दिसेना झाला की तो गेला. ब्रेक पॅड ३ मिलिमीटरवर आले की मी बदलायला सांगतो, डिस्क खराब झाल्यावर खर्च वाढतो.
(डिचोली)

आमच्या एका सर्व्हिस सेंटरने इंजिन फ्लशिंग (इंजिन आतून धुणं) आणि एसीची फवारणी न विचारता बिलात घातली होती. मी जॉबकार्ड (गाडी देताना लिहिलेली कामांची यादी) पुढे ठेवून, हे कुठे लिहिलंय ते दाखवा म्हटलं. दोन्ही रकमा वगळल्या. सही करण्याआधी लेखी अंदाज घ्या, पुस्तिकेत नसलेलं काम कशासाठी ते विचारा. फ्री सर्व्हिस म्हणजे मजुरी फुकट, तेल-फिल्टरचे पैसे बहुतेक ठिकाणी द्यावेच लागतात.
(मडगाव)

मी दाबोळी विमानतळावर टॅक्सी चालवतो. टायरवर बोलतो. खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्याने टायर बाद, खाचांमधल्या उंचवट्यांवरून ते कळतं. मी तितकी वाट बघत नाही, पावसाआधी ३ वर आला की बदलतो, ओल्या रस्त्यावर गाडी घसरायला वेळ लागत नाही. टायर घेताना कडेचे चार आकडे वाचा. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. हवा टायर थंड असताना भरा, किती ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं.
(वास्को)

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर वायर सोडवून, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा. कोरडं करून व्हॅसलिन लावा.
(म्हापसा)

फणसाखाली गाडी लावणाऱ्यांनी काचेच्या खालची जाळी पानांपासून मोकळी ठेवा, नाहीतर पाणी आत गाडीत उतरतं. पावसाळ्यात उंदीर इंजिनात शिरून वायरी कुरतडतात, तेव्हा अधूनमधून बॉनेट उघडून बघा.
(केपे)

पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा, टो करून न्या. आमच्याकडे ओहोळ फुगतात तेव्हा हे दरवर्षी कुणाला तरी सांगावं लागतं.
(काणकोण)

पीयूसीचं, म्हणजे धुराच्या तपासणीच्या दाखल्याचं, कुणीच लिहिलं नाही. नव्या गाडीला पहिलं वर्ष लागत नाही. नंतर बीएस-४ (धुराचे सरकारी निकष) आणि त्यापुढच्या गाड्यांना वर्षभराचं मिळतं, जुन्यांना ६ महिन्यांचं. आणि चवथीच्या आधी गॅरेजं भरलेली असतात, सर्व्हिसिंगची तारीख आत्ताच घेऊन ठेवा. डिझेलवाल्यांनी अजून काही लिहिलेलं नाही, त्यांची वाट बघतेय.
(फोंडा)