ऐकलेलं पुस्तक ‘वाचलं’ म्हणायचं नाही?

माणदेशी:
परवा शाईपेन यांनी लिहिलं की हल्ली जो तो वर्षाला पन्नास-साठ पुस्तकं ‘वाचली’ म्हणून यादी टाकतो आणि त्यातली निम्मी कानात बोंडं घालून ऐकलेली असतात. त्यांच्या मते ऐकणं म्हणजे दुसऱ्यानं चावून दिलेला घास, आणि ऐकणाऱ्यानं स्वतःला वाचक म्हणवून घेऊ नये. दोन दिवस गप्प बसलो. आज राहवत नाही.

माझी आई ७४ वर्षांची. माहेर आटपाडीकडचं, शाळा सातवीपर्यंत. चुलीपुढे, एसटीत, लग्नघरात, मिळेल तिथे वाचत आली. किराण्याच्या पुडीचा कागदही वाचल्याशिवाय टाकायची नाही. चार वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेला. समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. ओळ तर लांबच. पहिलं वर्षभर ती पुस्तकांच्या कपाटाकडे पाठ करून बसायची.

मग फोनवर ऑडिओबुक लावून दिलं. मागे जायचं बटण दिसत नाही, म्हणून काचेवर त्या बटणाच्या डोक्यावर तिचीच एक टिकली चिकटवली. अंगठ्यानं टिकली चाचपायची, तिच्या खाली दाबायचं, पंधरा सेकंद मागे. एका संध्याकाळी मेथी निवडता निवडता तिनं एकच वाक्य सहा वेळा ऐकलं. मेथी मांडीवर तशीच. मग म्हणाली, “ह्यो ‘वाघर’ असं म्हणतोय, जसं काय वाघाचं घर. मेंढरं कोंडायची जाळी कधी बघितली न्हाई त्यानं.”

ही बाई चावलेला घास खातेय, असं माझ्या तोंडावर म्हणून दाखवा.

आमच्या गावात चातुर्मासात देवळात पोथी लागायची. श्रीधरांचा पांडवप्रताप, हरिविजय. एक जण वाचणार, एक जण अर्थ सांगणार, बाकी सगळे ऐकणार. त्यातल्या बहुतेकांना सही येत नव्हती. पण वाचणाऱ्यानं एक ओवी गाळली तर मागून लगेच आवाज यायचा. त्यांना पोथी ठाऊक नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती.

शाईपेन:
तुमच्या आईंबद्दल मी एक अक्षर लिहिलेलं नाही. डोळे गेलेल्या माणसाचा प्रश्नच वेगळा. मी बोलतोय ते धडधाकट माणसांबद्दल, जी दीडपट वेगानं कादंबरी लावून गाडी चालवतात आणि संध्याकाळी ‘वाचून संपवलं’ म्हणून सांगतात.

‘कोसला’ मी अकरावीत वाचली. नायकाच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणापाशी आलो आणि पान उलटेना. पुस्तक मिटलं, गच्चीवर जाऊन बसलो. माझी बहीण तेव्हा आठ वर्षांची होती. दोन दिवस पुस्तकाला हात लावला नाही, तिच्या मागेमागे फिरलो. माझ्या लेखी वाचन झालं ते त्या दोन दिवसांत. ऐकताना आवाज पुढे जातच राहतो. आणि वाचणारा रडवेला सूर लावतो, तेव्हा माझं रडणं त्यानंच उरकलेलं असतं.

शिवाय खुणांचं काय? माझ्या प्रत्येक पुस्तकात, ग्रंथालयाच्यासुद्धा, पेन्सिलीच्या रेघा असतात. ऐकताना रेघ कुठे मारणार?

तारीखपट्टी:
थांबा. “ग्रंथालयाच्यासुद्धा”?

मी तालुक्याच्या गावी, सरकारी अनुदानावरच्या ‘ब’ वर्गाच्या ग्रंथालयात एकोणीस वर्षं काम करतोय. वाचलं की ऐकलं हे तुमचं चालू द्या, मला त्याच्याशी कर्तव्य नाही. पण हे वाक्य मी सोडणार नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा कागद खोडरबरानं घासला की त्याचा लगदा सुटतो आणि छापलेलं अक्षरसुद्धा निघून येतं. मी दर रविवारी दोन तास खोडत बसतो. पुस्तक दुसऱ्यांदा बाइंडिंगला जातं तेव्हा कडा कापावी लागते, म्हणजे समास आधीच बोटभर उरलेला. त्यात तुमची रेघ, त्यात ‘वा!’, त्यात ‘सहमत’. पुढच्या माणसानं तुमचं ‘वा’ का वाचावं? त्यानंही वर्गणी भरलेली असते. अनामत तर तुमच्याइतकीच.

गेल्या महिन्यात विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ कादंबरीची एकुलती एक प्रत परत आली ती बॉलपेननं अधोरेखित करून. तीस पानं. दुसरी प्रत घ्यायची तर आमचं अनुदान येईल तेव्हा येतं.

ओसरी:
दादा, तुमचा राग रास्त आहे, पण ‘रणांगण’चंच नाव काढलंत म्हणून सांगते.

मी बावीस वर्षांची असताना गावच्या वाचनालयातून तेच पुस्तक आणलं होतं. जुनी प्रत, पानं चहाच्या रंगाची. हॅर्टा आणि चक्रधर, एकमेकांच्या प्रेमात पडलेले, बोटीवर आहेत, तो भाग. समासात पेन्सिलीनं कुणीतरी लिहिलं होतं, ‘हा भित्रा आहे’. खाली दुसऱ्या हस्ताक्षरात, ‘तुम्ही काय केलं असतंत?’ आणि त्याच्याखाली तिसरं, अगदी बारीक, बाईमाणसाचं वाटावं असं, ‘मी पण थांबले नाही’. मी तेव्हा घरच्यांच्या दबावाखाली एक नातं तोडून परत आले होते. त्या रात्री त्या तीन ओळींनी मला जेवढा आधार दिला तेवढा घरातल्या एकाही माणसानं दिला नव्हता. त्या ओळी तुम्ही खोडल्या असत्यात.

तारीखपट्टी:
हो, खोडल्या असत्या. आणि चौथी ओळ तुम्ही लिहिलीत, खरं की नाही?

ओसरी:
लिहिली. पेन्सिलीनं. आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

तारीखपट्टी:
मग आधाराच्या गोष्टी मला सांगू नका! तुम्हांला तीन ओळी मिळाल्या, तुमच्यानंतरच्या मुलीला चार, आणि तिच्यानंतर कुणीतरी पाचवी घाणेरडी लिहिणार. लिहितातच. कॉलेजच्या मुलींनी पुस्तक काउंटरवर तसंच ठेवून मान खाली घालून निघून गेलेलं मी पाहिलंय. कुठलं पान ते त्या सांगत नाहीत, मी शोधतो. दार सगळ्यांना उघडं ठेवायचं आणि फक्त सभ्य माणसंच आत येतील म्हणायचं, हे कसं जमेल? स्वतःचं पुस्तक विकत घ्या, त्यात आत्मचरित्र लिहा.

ओसरी:
विकत घ्यायला तेव्हा पैसे असते तर वाचनालयात आले असते का? हे वाक्य तुमच्या तोंडी शोभत नाही.

काळापहाड:
समासाचं काय घेऊन बसलात. आमच्याकडे तर पानंच नसायची.

सुट्टीत आत्याकडे जायचो. नाक्यावर एक जण पुस्तकं भाड्यानं द्यायचा, दहा पैसे रोज. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतला झुंजार, दुसरं आम्हांला चालायचंच नाही. आणि शेवटचं पान फाडलेलं. दर तिसऱ्या पुस्तकाला. रडकुंडीला यायचो. मग गल्लीत हिंडायचं, ते पुस्तक फाटायच्या आधी कुणी वाचलंय ते शोधायचं. एकाचा शेवट मला केस कापताना न्हाव्यानं सांगितला, कात्री हवेत धरून. तेव्हा शाईपेन, माझ्या कितीतरी वाचनांचा शेवट ऐकलेलाच आहे. ती बाद धरायची का?

माणदेशी:
बाद कशी धरतील? शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वर बोलले आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलं. शेवटी तशी ओवीच आहे. म्हणजे ज्ञानेश्वरी आधी ऐकली गेली, मग वाचली गेली. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या जात्यावर, शेतात म्हणायच्या आणि घरातल्यांनी टिपून ठेवलं, म्हणून १९५२ साली पुस्तक आलं. अख्खी मराठी कानातून आलेली असताना कान हलका कसा?

शाईपेन:
उदाहरण तुम्हीच दिलंत, आता पुरतं सांगा. त्याच ज्ञानेश्वरीत तीनशे वर्षांत इतके पाठभेद शिरले की एकनाथांना शके १५०६ मध्ये प्रती ताडून शुद्ध पाठ तयार करावा लागला. तो त्यांनी कानानं नाही केला. पोथ्या समोर ठेवून, ओळीला ओळ लावून केला. बहिणाबाईंचंही तेच. कागदावर उतरलं म्हणून उरलं, त्यांच्या शेजारणीच्या ओव्या कुठे आहेत? कानावर सोडलं असतं तर आज आपण भांडायलाही बसलो नसतो.

सहा_ठिपके:
मी जन्मांध आहे. सकाळपासून वाचतोय, आणि दोन्हीकडच्यांचा राग आलाय.

शाईपेन, “डोळे गेलेल्या माणसाचा प्रश्नच वेगळा” असं म्हणून तुम्ही आम्हांला दयेची सूट दिलीत. ती नको. माझ्या फोनवरचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा आवाज, मी इतक्या वेगानं ऐकतो की शेजारी बसलेल्याला एक शब्द कळत नाही. मला सगळे कळतात. तेव्हा दीडपट वेगाला हसू नका.

आणि माणदेशी, ऐकणं आणि वाचणं एकच, असंही नाही. मी शाळेत ब्रेल शिकलो. एक कादंबरी म्हणजे तीन-चार जाडजूड खंड, होस्टेलच्या खाटेखाली ठेवायचो. ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला सारखेच लागतात, बोटाला नाही. कवितेची ओळ कुठे तुटली हे आवाज सांगत नाही, बोट सांगतं. ज्या अंध मुलांना आज फक्त ऑडिओ मिळतो, ब्रेल मिळतच नाही, त्यांचं शुद्धलेखन बघा. माझा भाचा एमए झालाय, त्याला ‘विद्यार्थी’ लिहिता येत नाही. त्याची चूक नाही. त्याला शब्द कधी दिसलाच नाही, ना डोळ्याला, ना बोटाला.

रडवेल्या सुराबद्दल मात्र शाईपेन यांच्या बाजूनं. मला यंत्राचा सपाट आवाज बरा वाटतो. रडायचं कुठे ते माझं मी ठरवतो.

तुम्ही सगळे वाचलं की ऐकलं यावर भांडताय. मी गेल्या वर्षी एका प्रकाशकाकडून पैसे मोजून ई-पुस्तक घेतलं. नुसती स्कॅन केलेली पानं. यंत्राला ती चित्रं वाटतात, ते गप्प बसतं. दोनशे चाळीस पानं गप्प. तुमच्या ‘वाचली’च्या यादीत ती पैशांची पावती धरू का?

शाईपेन:
सूट दिली हे खरंय. तसं लिहायला नको होतं. तो शब्द मागे घेतो.

पण माझा मुद्दा तुम्हीच अर्धा सिद्ध केलात, तेवढं मान्य करा. माणदेशी, तुमच्या आईंनी तेच वाक्य सहा वेळा ऐकलं. त्याला मी वाचन म्हणतो. गाडी चालवताना एकदा कानावरून गेलं, त्याला अजूनही म्हणणार नाही. याच्यापुढे मी एक पाऊल सरकणार नाही.

माणदेशी:
सहा वेळा ऐकलं तरच वाचन, आणि तुम्ही डोळ्यांनी एकदाच वाचलं तरी वाचन? हा हिशेब मला मंजूर नाही. स्कॅनच्या पानांचं आधी ठाऊक असतं तर मी यादीवरून भांडत बसलो नसतो. सहा_ठिपके, कुठलं पुस्तक ते मला कळवा. टाइप करायला आमच्याकडे तिघं जण आहेत.

सहा_ठिपके:
कळवतो. ऱ्हस्व-दीर्घ बघून टाइप करा.

ओसरी:
तारीखपट्टी, तुमची ती एकुलती एक प्रत. बॉलपेन निघणार नाही, पण माझ्याकडे ‘रणांगण’ची स्वतःची, विकत घेतलेली प्रत आहे. पाठवू का? समासात काही लिहिलेलं नाही.

तारीखपट्टी:
पाठवू नका, स्वतः घेऊन या. रविवारी मी दोन ते चार असतो. नोंदवहीत दात्याच्या रकान्यात तुमची सही लागेल. ती पेननं केलेली चालेल.