शब्दचर्चा : ‘क्लास बॅलन्स’ म्हणजे समतोल की तोडीस तोड?

धंतोलीकर : डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून, पात्र घेऊन खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीवर (2014) नव्या खेळाडूंसाठी चार पानी मराठी टिपण चालू आहे. दोन शब्द अडलेत. ‘क्लास’ म्हणजे पात्राचा प्रकार, योद्धा, जादूगार वगैरे. ‘क्लास बॅलन्स’ला ‘वर्ग-समतोल’ आणि ‘ईज ऑफ प्ले’ला ‘सोपेपणा’ लिहिलंय. चालेल का?

महालकर : ‘वर्ग’ नागपुरात नका घेऊ भाऊ. पुण्याकडे पोरगं पाचवी इयत्तेत असते, आपल्याकडे पाचव्या वर्गात. ‘पाचव्या लेव्हलचा वर्ग’ वाचून माणूस शाळेत पोहोचते. ‘जात’ तर नकोच नको. ‘पेशा’ फायटरला (योद्धा), रोगला (rogue, लपूनछपून वार करणारा) शोभते. पण सॉर्सररची जादू जन्मजात, तो पेशा कसा? टेबलावर सगळे ‘क्लास’च म्हणून राहिले, तोच ठेवा.

मानेवाडा : क्लास मान्य. ‘समतोल’बद्दल मात्र सांभाळून. वाचणाऱ्याला वाटतं, प्रत्येक क्लासने प्रत्येक लढाईत सारखंच नुकसान करायला हवं. ‘तोडीस तोड’ही फसवा, कारण त्यात समोरासमोरची झुंज आली आणि इथे फायटर आणि विझार्ड (मंत्र शिकलेला जादूगार) एकाच बाजूला आहेत. समतोल कशाचा, ते शब्दाला जोडून सांगा : दिवसभराच्या कामगिरीचा.

पाचव्या लेव्हलचा हिशेब घ्या. फायरबॉल, म्हणजे विझार्डचा आगगोळ्याचा मंत्र : सहाबाजूंचे 8 फासे, सरासरी नुकसान 28. चार शत्रू सापडले आणि दोघांचा बचाव लागून नुकसान अर्धं झालं तर 28, 28, 14, 14, म्हणजे एका पाळीत 84. स्ट्रेंग्थ 18चा फायटर ग्रेटस्वर्डने दोन वार करतो, सरासरी 11 प्रत्येकी. दोन्ही लागले तर 22, ॲक्शन सर्ज (त्याच पाळीत जादा कृती) वापरून चारही लागले तर 44. एवढंच पाहिलं तर विझार्डचं पारडं जड. पण फायरबॉलला लागणारे तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट (मंत्र टाकायच्या संधी) त्याच्याकडे दोनच. आर्केन रिकव्हरी या क्षमतेने दिवसातून एकदा, शॉर्ट रेस्टनंतर (छोटी विश्रांती), आणखी एक परत मिळतो. म्हणजे दिवसाला तीन फायरबॉल, तेही आपली माणसं 20 फूट त्रिज्येच्या बाहेर असली तर. फायटरचा ॲक्शन सर्ज दर शॉर्ट रेस्टनंतर परत येतो आणि तलवार तर कधीच संपत नाही.

मूळ पुस्तक दिवसाला 6 ते 8 मध्यम किंवा कठीण लढाया गृहीत धरतं. रविवारच्या 3-4 तासांच्या बैठकीत दोनच होतात, आणि बैठक संपली की डीएम (खेळ चालवणारा) लाँग रेस्ट, म्हणजे स्लॉट परत देणारी मोठी विश्रांती, देऊन मोकळा होतो. बिघाड तिथे आहे, क्लासमध्ये नाही. बैठक संपली म्हणून खेळातला दिवस संपवू नका. एक दिवस तीन बैठकांवर पसरवा, मध्ये तासाभराच्या दोन शॉर्ट रेस्ट द्या. 24 तासांत एकच लाँग रेस्ट लागू पडते, हा नियम पुस्तकातलाच आहे.

फुटाळा : जुन्या आवृत्त्यांत ‘समतोल’चा अर्थच वेगळा होता. ॲडव्हान्स्ड आवृत्तीत दुसऱ्या लेव्हलला चोर 1250 अनुभवगुणांत पोहोचायचा, फायटरला 2000 लागायचे, जादूगाराला 2500. आधी सोसा, नंतर भोगा, असा लांब मुदतीचा तोल. 2008च्या चौथ्या आवृत्तीने सगळ्यांना एकाच साच्यातल्या शक्ती दिल्या, तर क्लास एकसारखे वाटतात अशी तक्रार आली. म्हणून टिपणात ‘बरोबरी’ अजिबात नको.

आता ‘सोपेपणा’. यात दोन गोष्टी मिसळतात. लक्षात ठेवायला कमी असेल तो क्लास सुटसुटीत. चुकायची शक्यता कमी असेल तो सोपा. चॅम्पियन, हा फायटरचा उपप्रकार, दोन्ही आहे : सेकंड विंड (स्वतःची थोडी प्रकृती सावरणं) आणि ॲक्शन सर्ज सांभाळायचे, वाराच्या फाशावर 19-20 आले की क्रिटिकल (जास्त नुकसानीचा वार), झालं. रोग सुटसुटीत आहे, सोपा नाही. पाचव्या लेव्हलला स्नीक अटॅकचे (डाव साधून केलेला वार) तीन जादा फासे मिळतात, पण ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा घेणं) हवा किंवा लक्ष्यापासून 5 फुटांत आपला साथी हवा. शस्त्रही फिनेस (चपळाईने चालवता येणारं) किंवा लांबून मारायचं. नवा खेळाडू एकटाच पुढे धावतो, हे तीन फासे गमावतो आणि क्लासच कमजोर म्हणतो.

महालकर : हे फार मोलाचं आहे ताई. सुटसुटीत म्हणजे कच्चा लिंबू नव्हे, हे ठळक लिहा. नवखा आला की त्याला फायटर देऊन बाजूला बसवतात, ते चूक. विझार्डच हवा असेल तर द्या की! पहिल्या लेव्हलला इंटेलिजन्स 16 असला तर तीन कँट्रिप (स्लॉट न लागणारे छोटे मंत्र), तयार मंत्र चार, स्लॉट दोन. प्रत्येक मंत्राचं एक कार्ड : पल्ला, कोणता फासा, कॉन्सन्ट्रेशन (मंत्र टिकवायला एकाग्रता) लागते का. पाळीला पुस्तक चाळण्यातच वेळ जाते. ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा) मात्र सुरुवातीला टाळा. दुसऱ्या लेव्हलपासून वाइल्ड शेप (प्राण्याचं रूप घेणं) येतो, मग प्रत्येक प्राण्याचे आकडे हाताशी ठेवा लागते.

धंतोलीकर : ‘सुटसुटीत’ आणि ‘सोपा’ वेगळे करतो. ‘टर्न’ला पाळी आणि ‘राउंड’लाही पाळी लिहिलंय, ते चालतंय ना?

फुटाळा : नाही, तिथे नियम बदलेल. टर्न म्हणजे एकाची पाळी, राउंड म्हणजे सगळ्यांच्या पाळ्यांची एक फेरी. स्नीक अटॅक पाळीला एकदा आहे, फेरीला एकदा नाही. शत्रू रोगच्या टप्प्यातून निसटायला गेला तर रोग शत्रूच्या पाळीत रिॲक्शनने (दुसऱ्याच्या पाळीतली झटपट कृती) वार करतो आणि अटी जुळल्या तर फासे पुन्हा मिळतात. दोन्हीकडे एकच शब्द ठेवला तर त्याचा हा दुसरा वार हक्काचा असूनही कोणी देणार नाही.