एकट्या राहणाऱ्या आजींच्या शुश्रूषेत शेजाऱ्यांना कितपत सामावून घ्यावे? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. मी नाशिकमध्ये घरभेटी देणारी परिचारिका आहे. इंदिरानगर, सिडको आणि पंचवटी या भागांतील माझे बरेचसे रुग्ण सत्तरी ओलांडलेले असून एकटेच राहतात. त्यांच्यापैकी एका आजींच्या बाबतीत अनुभवी परिचारिकांचा, तसेच सामुदायिक आरोग्य शुश्रूषा शिकवणाऱ्यांचा सल्ला हवा आहे.

आजींना मधुमेह आहे व त्या दोन वेळा इन्सुलिन घेतात. पुण्याला असलेला मुलगा रोज रात्री व्हिडिओ कॉल करतो, औषधपाण्याचा खर्च उचलतो आणि डॉक्टरांशीही तोच बोलतो. त्याच्या मायेत काहीच उणे नाही. मात्र एकादशी आणि चतुर्थीच्या उपवासालाही आजी इन्सुलिनचा डोस नेहमीइतकाच घेतात आणि दुपारी साखर उतरल्याने त्यांना दरदरून घाम येऊन हात थरथरू लागतात, हे मला समजले ते समोरच्या दारातील काकूंकडून. आजींच्या संमतीने मी डॉक्टरांना हे कळवले व उपवासाच्या दिवसांचा डोस ठरवून घेतला. मुलाला मात्र सांगायचे नाही, “तो मला इथून हलवेल,” असे त्यांनी मला बजावले आहे.

राइट आणि लेही या परिचारिका-तज्ज्ञांच्या कॅलगरी प्रतिमानात, म्हणजे रुग्णाच्या कुटुंबाचा अभ्यास करण्याच्या आराखड्यात, कुटुंबाची रचना, वाटचाल आणि कार्य पाहिले जाते, आणि रुग्ण ज्यांना आपले मानतो तेच त्याचे कुटुंब असे धरले जाते. त्यानुसार मी आजींसोबत बसून इकोमॅप, म्हणजे रुग्णाचे कोणाशी किती घट्ट नाते आहे हे रेघांनी दाखवणारी आकृती, काढला. मुलाच्या नावापर्यंत त्यांनी स्वतःच्या हाताने ठळक रेघ ओढली. काकूंच्या नावापर्यंतची रेघ मात्र पेन दोनदा फिरवून अधिक जाड केली. रोजची देखरेख प्रत्यक्षात कोठून होते, हे मला त्यावरून स्पष्ट झाले.

रक्तातील साखर ७० (मि.ग्रॅ./डे.लि.) च्या खाली गेल्यास तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, शुद्ध हरपल्यास तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन करावा, एवढे काकूंना आजींच्या समक्ष शिकवले आहे. त्या हे मनापासून करतात, पण त्यांच्यावर किती भार टाकावा आणि त्या गावाला गेल्यास काय करावे, हा प्रश्न उरतोच.

आजींची विचारशक्ती शाबूत असताना त्यांच्या इच्छेविरुद्ध मुलाला कळवणे मला योग्य वाटत नाही. उद्या काही विपरीत घडले तर तो प्रथम मलाच विचारेल, हेही मी जाणते. अशा वेळी आजी, मुलगा आणि काकू यांची एकत्र बैठक कोणी घेतली आहे का? त्या बैठकीस आजींना राजी कसे केले, मुलाला आपण डावलले गेलो असे वाटू नये म्हणून बोलणे कोठून सुरू केले, आणि शेजाऱ्यांना दिलेल्या माहितीबाबत रुग्णाची लेखी संमती घेतली का, हे कृपया सविस्तर सांगावे.