मदत हवी आहे: मुलीच्या घरमालकीणबाईंना इंग्रजीत पत्र, मायना काय लिहू?

नमस्कार मंडळी,

मुलगी लीड्सला शिकते. जानेवारीत तापानं चार दिवस अंथरुणात होती. तिच्या घरमालकीणबाई रोज सूप करून वर खोलीत नेऊन द्यायच्या. आम्ही इथं कोल्हापुरात, राजारामपुरीत नुसता फोन कानाला लावून बसलेलो. आता ओळखीचे एक जण तिकडं निघालेत. त्यांच्यासोबत बाईंना कोल्हापुरी चप्पल आणि हातानं लिहिलेलं पत्र पाठवायचंय. मुलगी म्हणते, बाबा, व्हॉट्सॲप करा. मला ते पटत नाही.

मी मराठी माध्यमाचा. शाळेत इंग्रजी पत्रं दोनच शिकलो, रजेचा अर्ज आणि मित्राला सुट्टीचं वर्णन. ह्या बाई ना साहेब, ना मैत्रीण. मराठीत ‘स. न. वि. वि.’ लिहिलं की चार अक्षरांत आदर येतो, आपुलकीही येते. इंग्रजीत ते कुठं बसवायचं? ‘रिस्पेक्टेड मॅडम, आय बेग टू स्टेट’ असं लिहिलं आणि पेन थांबलं. हा तर अर्जच झाला.

मुलगी त्यांना नावानं हाक मारते, मीही तसंच लिहू का? शेवटी फेथफुली की सिन्सिअरली? आणि कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, हे आभाराच्या पत्रात शोभेल का?

प्रतिसाद:
काका, ‘डिअर मिसेस’ आणि पुढं आडनाव. मिसेस की मिस, ते मुलीला विचारून घ्या. नावानं हाक ही तिची ओळख, तुमचं पहिलंच पत्र. बाईंनी उत्तराखाली नुसतं पहिलं नाव लिहिलं, तर पुढच्या वेळी तुम्हीही लिहा. ‘डिअर मॅडम’नं सुरुवात केली तर फेथफुली, आडनाव घेतलं की सिन्सिअरली. बेग टू स्टेट काढाच. पहिल्या वाक्यात मुलीचं नाव घेऊन ‘मी तिचा वडील, कोल्हापूरहून लिहितोय’ एवढं सांगा, लगेच सुपावर या. ‘थँक यू फॉर युवर काइंडनेस’ कुणीही लिहितं. ‘यू कॅरीड सूप अप टू हर रूम एव्हरी डे’ हे तुम्हीच लिहू शकता. आयम, डोन्ट असं जोडून नको; आय ॲम, डू नॉट असं पूर्ण लिहिलेलं बरं. जीआय एका ओळीत चालेल, पण चप्पल पाण्यात भिजवू नका हे नक्की लिहा, तिकडं पाऊस फार.

धागाकर्ता:
सुपाचं वाक्य तसंच्या तसं घेतलं. आडनावाचं स्पेलिंग आणि बाईंच्या पायाचं माप सेंटिमीटरमध्ये मागवलंय. आलं की चप्पल लाइनला, म्हणजे इथल्या चपलांच्या बाजारात, जातो.